आपण केला तर वशिला, त्यांनी केले तर नेटवर्किंग

दोन वर्षांपूर्वी नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारी एक मुलगी आमच्याकडे आली. एम.कॉम. झालेली, टॅली येणारी, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारी, वडील महापालिकेतून निवृत्त. लोअर परळच्या एका कंपनीत हिशेब खात्यात जागा निघाली होती आणि तिथे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वरच्या पदावर आहेत, हे तिला कुठून तरी कळले होते. तिची मागणी एवढीच होती : ‘दादा, माझा बायोडेटा त्यांच्यापर्यंत पोहोचवाल का?’

आम्ही तिला व्याख्यान दिले. बाबासाहेबांच्या लेकीने वशिला मागायचा नसतो, स्वतःच्या गुणांवर उभे राहायचे असते, वशिल्यानेच तर आपल्या पिढ्या मारल्या, वगैरे वगैरे. अर्धा तास. चहाही पाजला. ती मान हलवत ऐकत राहिली, जयभीम म्हणून निघून गेली आणि तिने कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज भरला. उत्तर आले नाही. महिन्याभरात जागा भरली, कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याच्या शिफारशीने. त्या कर्मचाऱ्याला शिफारशीबद्दल कंपनीने रीतसर बक्षीसही दिले. हे आम्हाला पुढे त्याच वरच्या पदावरच्या गृहस्थांनी सांगितले आणि सहज विचारले, ‘तुमच्याकडे कोणी नव्हतं का?’

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. त्यात दोष कोणाला द्यायचा असेल तर पहिला आम्हाला द्या.

वशिला या शब्दाची आपल्याला चीड का आहे, हे आधी मान्य केले पाहिजे, कारण ती चीड खोटी नाही. राखीव जागा ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ म्हणून कोऱ्या ठेवल्या गेल्या, अनुशेष वर्षानुवर्षे साचला, मुलाखतीच्या टेबलापलीकडे त्यांचाच काका आणि त्यांचाच मामा बसलेला असे. ओळख ही गोष्ट नेहमी आपल्या विरोधात वापरली गेली. म्हणून आपण कागदावर विश्वास ठेवायला शिकलो. जाहिरात, परीक्षा, गुण, बिंदुनामावली. सरकारी नोकरी होती तोवर तो विश्वास बरोबरच होता. बिंदुनामावलीला मामा नसतो.

पण आज जाहिरात कुठे आहे? सरकारी भरती कंत्राटदाराच्या हातात गेली आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथल्या कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. आतला माणूस आतल्या माणसाला सांगतो आणि बाहेर कळते तेव्हा खुर्चीवर कोणीतरी बसलेले असते. या पद्धतीला त्यांनी इंग्रजी नाव दिले, त्यावर पुस्तके लिहिली, शिबिरे भरवली. हसून हात मिळवा, समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, व्हिजिटिंग कार्ड द्या. आमच्या पोरांनी हे सगळे केले तरी समोरून पुढचा प्रश्न येतो तो आडनावाचा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव. गावावरूनही झाला नाही तर ‘चौदा एप्रिलला सुट्टी घेता का?’ हसून हात मिळवण्याच्या शिबिरात याचे उत्तर शिकवत नाहीत.

आणि हे काही आजचे नाही. ज्या लोअर परळमध्ये ती मुलगी नोकरी शोधत होती, तिथे काचेच्या इमारतींच्या जागी गिरण्या होत्या. गिरणीत माणूस कसा लागायचा? जॉबरच्या मर्जीने. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या खोलीतला माणूस आणायचा, बदली म्हणून उभा करायचा आणि हळूहळू कायम करून घ्यायचा. आपल्या माणसांना रिंग खात्यात काम मिळे, पण साचा खाते, म्हणजे विणकाम, जिथे पगार जास्त, तिथे दार बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तो धागा बाटेल! 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, तेव्हा लाल बावट्याखाली जमलेल्यांनाही त्याचे उत्तर देणे जड गेले. शोषण सगळ्यांचे होते हे खरे. पण एका गाळ्यातले शोषण आणि शेजारच्या गाळ्यातले शोषण यांच्यामध्ये जातीची भिंत होती, आणि त्या भिंतीतल्या दाराची किल्ली जॉबरच्या खिशात होती.

गिरणगाव सोडून जरा गिरगावकडे चला. सारस्वतांनी 1906 साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली, ती पुढे बँक झाली. 1915 साली गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. 1918 साली सारस्वत बँकेची सुरुवात झाली. कारवार, कोकणातून आलेल्या मुलाला राहायला खोली, शिकायला फंड, गरजेला कर्ज आणि पहिल्या नोकरीला ओळखीचा साहेब हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर होते. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. उलट, कसे केले ते शिकून घ्यावे असेच ते काम आहे. आमचे म्हणणे इतकेच की त्याला कोणी जातीयवाद म्हटले नाही, सहकार म्हटले. आणि त्या सहकारातून जे मुलगे साहेब झाले, त्यांच्या नातवंडांनी आम्हाला टीव्हीवर येऊन मेरिट शिकवले.

शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीचेही तेच. त्यांच्या राजकारणाशी आमचे वैर जुने आहे, 1974 ची वरळी आणि शहीद भागवत जाधव आम्ही विसरलेलो नाही. पण काम बघा. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, पंचतारांकित हॉटेले, जिथे म्हणून जागा निघे तिथे त्यांचे युनिट बसलेले असे. अर्ज कधी निघणार, कोणाकडे द्यायचा, मुलाखतीत काय विचारतात, सगळी माहिती लालबाग-परळच्या पोराला शाखेच्या बाकड्यावर मिळे. दगडफेक बातमीत आली. हे बाकडे बातमीत आले नाही आणि मध्यमवर्ग मात्र त्या बाकड्यावर तयार झाला.

मग आपल्याकडे काय होते? आपल्याकडेही एक जाळे होते आणि त्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. पालिकेच्या वसाहतींमध्ये याला पीटी केस म्हणतात. बाप गेला किंवा थकला की मुलगा लागतो. संकटात त्या नोकरीने घरे तगवली, म्हणून तिच्यावर टीका करणाऱ्याने आधी त्या घरात चूल पेटवून दाखवावी. पण विचार करा. या शहराने आपल्याला हक्काने दिलेली एकमेव ‘ओळख’ कुठे घेऊन जाते? झाडूकडे. बी.ए. झालेला मुलगा पहाटे साडेसहाला चौकीवर हजेरी लावतो, कारण सगळ्या मुंबईत त्याच्यासाठी शब्द टाकणारी एकच व्यवस्था आहे आणि तिला एकच पत्ता माहीत आहे.

जाळे माणसाला वर ओढते तसे खालीही धरून ठेवते, हे दादरमध्येच अभ्यासून दाखवले गेले आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2001-02 मध्ये दादर परिसरातील शाळांमधून शिकलेल्या मुलांच्या सुमारे 4,900 मराठी घरांची पाहणी केली. त्यांना दिसले ते असे : ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामगार वस्तीतल्या ओळखीने कामाला लागत आले, त्यांनी इंग्रजीचा भाव वाढल्यावरही मुलग्यांना मराठी शाळेतच घातले, कारण त्या ओळखीच्या नोकरीला इंग्रजी लागत नव्हते. मुली मात्र वेगाने इंग्रजीकडे गेल्या. मुलींसाठी असले जाळे मुळी नव्हतेच, म्हणून त्यांना बांधून ठेवणारेही काही नव्हते. आपल्या वस्त्यांमधली मुलगी पुढे आणि मुलगा नाक्यावर, हे चित्र आपण रोज बघतो आणि मोबाइलला शिव्या देऊन मोकळे होतो. त्याचे एक कारण इथे आहे.

‘आमच्यात गुण असतील तर ओळख कशाला?’ असे अजूनही कोणाला वाटत असेल तर त्याने सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघावा. वर्तमानपत्रातील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फरक फक्त नावात. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता 0.67, मुस्लिम नावाला 0.33. मुलाखतीत कोण कसा बोलला हा पुढचा प्रश्न झाला, इथे अजून कोणी तोंडही उघडलेले नाही. पाकीट फोडल्याबरोबर निकाल लागला. अशा बाजारात कोरा बायोडेटा पाठवून ‘गुणांवर उभे राहा’ असे सांगणे म्हणजे हात बांधून पोहायला सोडणे. आम्ही त्या मुलीला नेमके तेच सांगितले.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण व्याख्यान आम्ही त्यांच्याच नावाने दिले होते.

परळच्या चाळीतला एक शाळकरी मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन एकटा बसतो. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर येतात, चौकशी करतात, ओळख वाढते. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा केळुसकरच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1913 साली कोलंबियाला जाण्याचा रस्ता त्याच दाराने निघाला. हा वशिला होता का? केळुसकर गुरुजी त्या दिवशी ‘बाळा, स्वतःच्या गुणांवर उभा राहा’ म्हणून बागेतून उठून गेले असते तर?

पुढचा भाग आपण जयंतीच्या भाषणात फारसा सांगत नाही, तो जास्त महत्त्वाचा आहे. 1917 साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून परतले. बडोद्यात काय झाले ते सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस त्या वेळी मुंबईत शोधावा लागला असता. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. मेरिटची यापेक्षा मोठी परीक्षा कोणती घ्यायची राहिली? त्या दिवसांत शिकवण्या कोणी मिळवून दिल्या? नवल भथेना यांनी, कोलंबियातल्या पारशी मित्राने. सिडनहॅम कॉलेजात 1918 साली प्राध्यापकी मिळाली त्यात लंडनमध्ये झालेली लॉर्ड सिडनहॅम यांची ओळख कामी आली. 1920 साली अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला निघाले तेव्हा खिशात स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि पुन्हा भथेनांचेच कर्ज होते. 1923 नंतर बॅरिस्टर म्हणून हायकोर्टात उभे राहिले तर सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला तयार नाहीत. पदवी प्रत्येक वेळी होती. कधी दार उघडले, कधी नाही, आणि फरक पडला तो दारापलीकडे कोण उभे होते याने.

आपल्यातलेच काही जण लगेच म्हणतील की हा चमचेगिरीचा रस्ता आहे. कांशीराम साहेबांनी 1982 साली ‘चमचा युग’ लिहून ठेवले आहे, ते वाचा, असेही सांगतील. वाचले आहे. आणि भीती रास्त आहे, कारण साहेबाच्या दारात उभे राहता राहता साहेबाचेच झालेले लोक आपण बघितले आहेत, काही तर अजून स्टेजवर आपल्या शेजारी बसतात. पण मग 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा बघा. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी. अध्यक्ष कोण? सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांमध्ये बाळ गंगाधर खेर यांच्यासारखी माणसे. वकील, उद्योगपती, पारशी, ज्यू, ब्राह्मण. आणि प्रत्यक्ष कारभार ज्या व्यवस्थापक मंडळाकडे, त्याचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. बाहेरच्यांची ओळख, पत, पैसा सगळे वापरले, लगाम मात्र सोडला नाही. चमचा आणि कार्यकर्ता यांतला फरक ओळखायला याहून चांगला नमुना आम्हाला तरी सापडलेला नाही. ‘संघटित व्हा’ याचा अर्थ आपण मोर्चाला या इतकाच करून ठेवला. मोर्चाला या, नक्की या. पण मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, जेव्हा मोर्चा नसतो आणि मुलाखत असते, तेव्हा संघटना कुठे असते?

तेव्हा ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असते. आमच्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसे आहेत. एखादी नोकरीची जाहिरात आली की ती अकरा जण अकरा वेळा टाकतात, आणि ती मुदत संपलेली असते. माणसे चांगली आहेत, जीव लावणारी आहेत, मयताला मध्यरात्री धावतात. पण सगळे एकाच वस्तीत, एकाच प्रकारच्या कामात, म्हणून सगळ्यांना माहीत असते ते एकच. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली हेच दाखवले होते. एम.ए.ला आम्ही ते परीक्षेपुरते घोकले आणि सोडून दिले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, ज्याने सांगितले तो तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारा असे सांगणारे 17 टक्क्यांहून कमी निघाले. बाकीच्यांना कळले ते अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. केळुसकर गुरुजी हे भीमरावांचे नातेवाईक नव्हते, शेजारी नव्हते. बागेतली ओळख होती.

म्हणून फक्त आपल्यातच घट्ट होऊन भागणार नाही. आणि आपल्यातले जे बाहेर पोहोचले त्यांना नुसत्या शिव्या देऊनही भागणार नाही. बाबासाहेबांचे 1956 चे आग्र्याचे भाषण काढायचे आणि ठाण्या-पनवेलला फ्लॅट घेतलेल्या प्रत्येक साहेबाच्या डोक्यात घालायचे, हा आमचाही आवडता खेळ होता. पण त्याचे एकदा ऐकून घ्या. लोअर परळच्या त्या गृहस्थांचे आम्ही ऐकले. त्यांच्या कार्यालयात ते कोण आहेत हे कोणाला माहीत नाही. आडनाव गावावरून लावलेले आहे. टेबलावर कुटुंबाचा फोटो आहे, घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण ऑफिसमधल्या कोणाला ते घरी बोलावत नाहीत. ‘तुमच्या वस्तीतल्या तीन पोरांचे अर्ज मी ओळीने पुढे केले की चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझी जागा बदलते,’ असे ते म्हणाले. त्यांचा शेजारी आपल्या गावचे, आपल्या कॉलेजचे, आपल्या ज्ञातीचे पाच जण आणतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. हे भ्याडपण आहे असे म्हणणे सोपे आहे. तो मासिक हप्ता भरणारा माणूस आहे. त्याला आधी आधार द्यावा लागेल, मग त्याच्याकडे मागावे लागेल. तो एकटा आहे म्हणून घाबरतो. त्याच इमारतीत आपले आणखी चार जण असतील आणि त्या चौघांनाही आपण एकटेच आहोत असे वाटत असेल, ही शक्यता मोठी आहे. कोणी मोजलेच नाही.

मोजण्याची सवय आपल्याला नाही असे नाही. कोकणातून आलेल्या आपल्या माणसांनी बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा मुंबईभर पसरवल्या, गावोगावच्या मंडळांनी खोल्या राखल्या, वर्गणीच्या पावत्या फाडल्या. आम्ही ज्या विहारात बसतो तिथे जुनी वही आहे. कोणाचे लग्न कधी लागले, कोण मयत झाले, पुण्यानुमोदन कधी, कोणाची वर्गणी थकली, सगळे सुवाच्य अक्षरात. पण कोण कुठे काम करतो याचा रकाना नाही. मयताला कोण येईल हे आम्ही दहा मिनिटांत सांगू शकतो. आपला माणूस कुठल्या बँकेत, कुठल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, कुठल्या वकिलाच्या कचेरीत, कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हे विचारले तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, जगात कुठे एवढी पुस्तके एवढ्या गरीब माणसांनी विकत घेतली नसतील. त्याच मैदानात त्या दिवशी किती डॉक्टर, किती इंजिनिअर, किती लेखापाल एकमेकांना खांदा लागून जातात आणि ओळख न होता परततात!

गेल्या पावसाळ्यात आम्ही वेगळी वही घातली. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास. नाव, शिक्षण, कुठे काम, काय काम, आणि शेवटचा रकाना : ‘तुमचे नाव सांगून कोणी भेटायला आले तर चालेल का?’ हो किंवा नाही. नाही लिहिणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी केला, लोअर परळच्या गृहस्थांना आठवून. वही कपाटात कुलपात राहते, तिचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायची नाही. पहिल्या महिन्यात एकवीस नावे आली. त्यात परळच्या एका मोठ्या इस्पितळातल्या परिचारिका निघाल्या, ज्या पंधरा वर्षे आमच्याच लाइनीत राहतात आणि ज्यांना आम्ही फक्त कोणाच्या तरी सुनबाई म्हणून ओळखत होतो. सात जणांनी ‘नाही’ लिहिले. एका काकांनी तर वहीच परत सरकवली आणि म्हणाले, ‘हे वशिल्याचं रजिस्टर विहारात कशाला?’ आम्ही त्यांच्याशी भांडलो नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तेच बोललो असतो.

मग आम्ही त्या मुलीला फोन केला. ती आता ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते, एम.कॉम. कपाटात आहे. त्या दिवशी चुकलो, बायोडेटा पोहोचवायला हवा होता, असे आम्ही म्हणालो. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती म्हणाली, ‘जाऊ द्या दादा. माझा भाऊ यंदा बी.कॉम.ला आहे. त्या वहीत कोणी सीए आहे का?’